कुलूप शाबूत, माल गायब: 'बर्गलरी' या एका शब्दाचं प्रकरण

दुकानाच्या विम्याचा कागद हातात आला की माणूस रक्कम बघतो, मुदत कधी संपते ते बघतो आणि कागद फाइलला लावून टाकतो. बँकेने कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं खेळतं कर्ज, देताना मालाचा आगीचा आणि 'बर्गलरी'चा विमा मागितलेला असतो, म्हणून तो काढलेला असतो. एजंट त्या ओळीवर बोट ठेवून म्हणतो, "हे चोरीचं." दुकानदार मान हलवतो. पुढे कधी दुर्दैवाने दावा करायची वेळ आली, की याच दोन शब्दांपाशी गाडी अडते.

व्यापाऱ्यांचे दाव्याचे कागद मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करून देणं हे माझं रोजचं काम आहे. या एका शब्दापायी हताश होऊन समोर बसलेली माणसं मी जितकी पाहिली, तितकी दुसऱ्या कुठल्याच शब्दापायी पाहिली नाहीत. म्हणून हा शब्द ज्या प्रकरणात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, ते इथे सविस्तर मांडते.

प्रकरण काय होतं

युनायटेड इंडिया इन्शुरन्स ही सरकारी विमा कंपनी आणि एक व्यापारी पेढी यांच्यातला हा वाद. निकाल सप्टेंबर २००४ चा. पेढीने मालासाठी 'बर्गलरी' आणि 'हाउसब्रेकिंग'चा विमा घेतला होता. माल चोरीला गेला. पोलिसांत तक्रार झाली, कंपनीकडे दावा गेला आणि कंपनीने तो नाकारला. चोरी झालीच नाही, असं काही कंपनीचं म्हणणं नव्हतं. तिचं म्हणणं इतकंच होतं, की आत शिरताना बळाचा वापर झाला, तोडफोड झाली, असं कुठेच दिसत नाही. चोरी झाली असेल, पण पॉलिसीत लिहिलेली 'बर्गलरी' झालेली नाही.

ग्राहक न्यायव्यवस्थेत पेढीच्या बाजूने निकाल लागला आणि कंपनी अपिलात गेली. सर्वोच्च न्यायालयासमोरचा प्रश्न एका शब्दाच्या अर्थाचा होता. बळजबरीने आत शिरल्याची खूण नसलेली चोरी ही त्या पॉलिसीपुरती 'बर्गलरी' ठरते का?

कंसातली ओळ

सगळा वाद त्या पॉलिसीतल्या एका कंसात होता. 'बर्गलरी किंवा हाउसब्रेकिंग' हे शब्द झाले की लगेच कंस उघडतो, आणि त्यात या शब्दांचा अर्थ सांगून टाकलेला असतो. तो मराठीत असा मांडता येईल: जागेत प्रत्यक्ष बळ वापरून आणि तोडफोड करून शिरल्यानंतर, किंवा तशाच प्रकारे जागेतून बाहेर पडताना, झालेली चोरी. कंस मिटला की पुढे 'होल्ड-अप' येतं, म्हणजे धाक दाखवून केलेली लूट.

या ओळीतला एकेक शब्द मोजून टाकलेला आहे. 'प्रत्यक्ष' म्हणजे बळ खरोखर वापरलेलं हवं, कायद्याने मानून घेतलेलं चालणार नाही. 'किंवा बाहेर पडताना' हे तीन शब्द ग्राहकाच्या फायद्याचे आहेत आणि त्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. संध्याकाळच्या गर्दीत चोर गिऱ्हाईक म्हणून आत आला, गाठोड्यांमागे लपून बसला आणि मध्यरात्री आतून मागचं दार फोडून माल घेऊन गेला, तर शिरताना काहीच तुटलेलं नसूनही ही घटना कंसात बसते.

मला सर्वात जास्त झगडावं लागतं ते मूळ इंग्रजी ओळीतल्या 'फोर्सिबल अँड व्हायोलंट' या जोडीशी. पहिल्या शब्दाला 'बळ वापरून' जमतं. दुसऱ्याला शब्दकोश 'हिंसक' म्हणतो. पण मराठीत हिंसा जिवंत जिवावर होते, कुलपावर होत नाही. 'दाराशी हिंसक वर्तन करून प्रवेश' असं लिहिलं तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. छापील मराठी माहितीपत्रकांत या जागी कधी 'हिंसक' असतं, कधी तो शब्दच गाळलेला असतो, आणि उरतं ते नुसतं 'चोरीपासून संरक्षण'. मी 'तोडफोड करून' असं लिहिते. दार, कुलूप, खिडकी, पत्रा यांच्या बाबतीत मराठी माणूस हेच म्हणतो.

चोरणं, लुटणं, फोडणं

इंग्रजीत या कामासाठी तीन वेगळी क्रियापदं आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'स्टील' करतात ती वस्तू: घड्याळ, पैसे, सायकल. 'रॉब' करतात ते माणसाला किंवा बँकेला, कारण त्यात समोरच्यावर जोर असतो किंवा धाक असतो. आणि 'बर्गल' करतात ते घर. म्हणून 'माझं घड्याळ रॉब झालं' हे इंग्रजीत चूक, आणि 'माझं घर स्टील झालं' म्हटलं तर घरच कोणी उचलून नेलं असा अर्थ होईल.

मराठी माणसाला हे वेगळं शिकवावं लागायला नको. आपण वस्तू चोरतो, माणसाला लुटतो आणि घर फोडतो. 'त्यांचं घर फुटलं' असं गावाकडे म्हणतात तेव्हा भिंत पडली असं कुणाला वाटत नाही. चोरी, जबरी चोरी, घरफोडी, दरोडा हे चार शब्द पोलीस ठाण्यातल्या शिपायापासून वर्तमानपत्राच्या वाचकापर्यंत सगळे योग्य जागी वापरतात. त्यांतल्या लुटीने तर इंग्रजीलाही शब्द दिला. त्यांचा 'लूट' हा आपल्या देशातल्या भाषांमधून, कंपनी सरकारच्या काळात तिकडे गेलेला आहे.

म्हणूनच मला वाईट वाटतं. 'बर्गलरी'साठी आपल्याकडे अचूक, रोजच्या वापरातला, पाहताक्षणी कळणारा शब्द आहे. 'घरफोडीचा विमा' म्हटलं असतं तर दुकानदाराने तिथल्या तिथे विचारलं असतं, "आणि न फोडता नेलं तर?" पण आपण त्याला सांगतो 'चोरीचा विमा', आणि 'चोरी' हा तर या सगळ्यातला सर्वात मोठ्या पोटाचा शब्द. गल्ल्यावरच्या पोराने रोज शंभर रुपये काढले तरी ती चोरी. भर दुपारी काउंटरवरचं पुडकं कोणी उचललं तरी ती चोरी. विमा यांपैकी कशाचाच नसतो.

इंग्रजीतही अर्थ एकच राहिला नाही

या शब्दाचा प्रवास जरा सांगते, कारण न्यायालयातली अडचण त्यातूनच आलेली आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात 'बर्गलरी'ला अनेक अटी होत्या. वेळ रात्रीची हवी, जागा दुसऱ्याचं राहतं घर हवं, ते 'तोडून' आत शिरलेलं हवं आणि गंभीर गुन्ह्याचा इरादा हवा. पण त्या 'तोडण्या'चा अर्थ फार सैल होता. नुसतं लोटलेलं दार उघडलं, कडी उचलली, तरी ते 'तोडणं' धरलं जाई. पुढे १९६८ च्या थेफ्ट ॲक्टने रात्रही काढून टाकली आणि तोडणंही. आज इंग्लंडमध्ये चोरीच्या इराद्याने इमारतीत अनधिकाराने शिरलं की 'बर्गलरी' पूर्ण होते, दार सताड उघडं असलं तरी.

म्हणजे फौजदारी कायद्यात हा शब्द दिवसेंदिवस सैल होत गेला. विम्याच्या कागदावर मात्र तो आवळलेलाच राहिला, कारण तिथे कंपन्यांनी त्याला स्वतःचा कंस जोडला होता.

तो कंस किती आवळलेला आहे हे इंग्लंडमधल्या दोन जुन्या निकालांवरून कळतं. १८९९ साली एका जवाहिऱ्याचं प्रकरण अपील न्यायालयात आलं. दुकानाचं दार लावलेलं होतं, पण कुलूप नव्हतं. चोराने मूठ फिरवली, आत आला आणि आतली कुलूपबंद काचपेटी फोडून दागिने नेले. फोडाफोड तर झाली होती. पण न्यायालयाने म्हटलं, की पॉलिसीत बळजबरी 'जागेत शिरताना' मागितली आहे आणि चोर मूठ फिरवून शिरला. काचपेटी म्हणजे जागा नव्हे. जवाहिरा हरला.

दुसरं प्रकरण १९८९ सालच्या निकालाचं, महागड्या गाड्यांच्या एका गॅरेजचं. मालकाची गाडी बाहेर उभी असताना तिच्यातून गॅरेजच्या किल्ल्या चोरीला गेल्या. चोरांनी त्याच किल्ल्यांनी गॅरेज उघडलं आणि गाड्या पळवल्या. अपील न्यायालयाने म्हटलं, की किल्ली फिरवण्याला 'फोर्सिबल' एक वेळ म्हणता येईल, पण 'व्हायोलंट' म्हणता येणार नाही. तोही दावा गेला.

किल्लीचा प्रश्न आपल्याकडे

भारतीय दंड संहितेत 'बर्गलरी' नावाचा गुन्हाच नव्हता. तिथे 'हाउसब्रेकिंग' होतं, मराठीत घरफोडी, आणि कलम ४४५ मध्ये घरफोडीचे सहा प्रकार दिलेले होते. त्या कलमाखालची उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. भिंतीला भोक पाडून आत हात घातला, ही घरफोडी. दाराच्या भोकातून तार घालून आतली कडी उचलली, ही घरफोडी. आणि मालकाची हरवलेली किल्ली सापडली, त्या किल्लीने दार उघडून आत शिरला, हीसुद्धा घरफोडीच.

आता एखाद्या दुकानाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. रात्री कोणी बनावट चावीने शटर उघडतं, माल टेम्पोत भरतं आणि शटर परत ओढून कुलूप लावून जातं. पोलीस घरफोडीचा गुन्हा नोंदवतील आणि ते बरोबरच आहे. पूर्वी कलम ४५७ आणि ३८० लागत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात, म्हणून वर्तमानपत्रात आता ३३१ आणि ३०५ हे आकडे दिसतात. तो एफआयआर घेऊन दुकानदार कंपनीकडे जातो आणि म्हणतो, बघा, पोलिसांनीच घरफोडी लिहिलं आहे. तरीही त्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. कायद्याला किल्ली चालते, पॉलिसीच्या कंसाला चालत नाही.

म्हणजे आपला 'घरफोडी' हा शब्दही कायद्यात थोडा रुंद आहे, हे मान्य केलं पाहिजे. तरी 'चोरी'पेक्षा तो कितीतरी जवळचा, कारण 'फोडणं' त्याच्या नावातच आहे. उरलेला फरक समजावून सांगायला एक वाक्य पुरतं.

न्यायालयाने काय केलं

सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं अपील मान्य केलं. विचाराची दिशा सरळ होती. पॉलिसी हा दोन पक्षांमधला करार आहे. करारात एखाद्या शब्दाची व्याख्या दिलेली असेल तर तीच दोघांना बांधील, मग फौजदारी कायद्यात किंवा शब्दकोशात त्या शब्दाचा अर्थ काहीही असो. व्याख्येत बळ आणि तोडफोड मागितली आहे, ती सिद्ध झालेली नाही, म्हणून नुसत्या चोरीची भरपाई मागता येणार नाही. न्यायालय करार वाचू शकतं, नव्याने लिहू शकत नाही.

निकाल इथेच संपला असता तर तो मला कोरडा वाटला असता. पण न्यायमूर्तींनी जाता जाता जे लिहिलं त्यासाठी मी तो कितीदा तरी वाचला आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: सामान्य माणूस असा विमा घेतो तेव्हा आपण चोरीपासून सुरक्षित झालो असंच समजतो. चोरीच्या आधी बळाचा वापर झाल्याचं दाखवावं लागतं, हे त्याच्या गावीही नसतं. म्हणून कंपन्यांनी या कलमाची भाषा बदलावी, शब्दाचा अर्थ लोकव्यवहाराच्या जवळ आणावा. म्हणजे ज्या व्याख्येवर कंपनी जिंकली, ती व्याख्या सामान्य माणसाला अडचणीत टाकणारी आहे, हे त्याच निकालात नोंदलेलं आहे.

मला निकाल पटतो का? कराराच्या बाजूने पटतो. न्यायालयं पॉलिसीचे अर्थ सोयीने ताणू लागली तर हप्त्याचा हिशेबच राहणार नाही. खुणेची अट घालण्यामागे कंपनीचं कारणही खरं आहे. कुलूप शाबूत आणि माल गायब असेल तर माल खरोखर बाहेरच्याने नेला, आतल्याने नेला की मुळात होताच नाही, हे ठरवणं फार कठीण. पण ही अट जर इतकी महत्त्वाची आहे, तर ती विकताना मोठ्याने सांगितली पाहिजे, आणि ग्राहक ज्या भाषेत हिशेब ठेवतो त्या भाषेत सांगितली पाहिजे. माझी तक्रार आहे ती इथे, आणि ती मनापासून आहे.

बारा वर्षांनी, २०१६ मध्ये, ओरिसाच्या एका सरकारी औद्योगिक महामंडळाचं असंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. महामंडळाने ताब्यात घेतलेल्या कारखान्यातले यंत्रांचे भाग नाहीसे झाले होते. इथेही व्याख्येत बळ आणि तोडफोड होतीच. शब्दाचा अर्थ संदिग्ध आहे, म्हणून तो विमेदाराच्या बाजूने लावावा, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने सांगितलं की संदिग्ध असं यात काही नाही, आणि २००४ चाच मार्ग धरला.

पत्र्याचे हूक

हे सगळं वाचलेलं कुठे उपयोगी पडतं त्याचा एक प्रसंग सांगते. बाजारपेठेच्या एका गावातलं कापडाचं दुकान. मालक वयाने मोठे, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. सकाळी शटर उघडलं तर दोन कपाटं रिकामी. शटरची दोन्ही कुलपं जागच्या जागी. पंचनाम्यात आलं, "शटर कुलूपबंद असून कुलूप शाबूत." काका कागद घेऊन माझ्याकडे आले.

"ताई, यात बर्गलरी आहे ना? म्हणजे चोरीच ना?"

मी त्यांना कंस वाचून दाखवला, मराठीत. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शटरातून नाही आला, तर आला कुठून?"

त्यांनी आणि त्यांच्या मुलाने शिडी लावली. मागच्या बाजूला, पोटमाळ्यावरच्या छपराचा एक पत्रा खालून नीट बसलेला दिसत होता. वरून पाहिलं तर पत्रा धरून ठेवणारे दोन वाकडे हूक खिळ्यासारखे सरळ झालेले. त्यांची काळी वॉशरं पन्हळीत पडलेली, आणि पत्र्याच्या कडेला पहारीने दाबल्याची ताजी, चकचकीत खूण. चोर पत्रा उचकटून उतरला होता आणि जाताना तो परत दाबून बसवून गेला होता.

काकांचा हात लगेच हुकाकडे गेला, सरळ करून बसवायला, पाऊस आला तर कापड भिजेल म्हणून. मुलाने थांबवलं. फोटो काढले, ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब दिला, पंच पुन्हा वर चढले आणि नवा मजकूर नोंदला गेला: "छपराचा पत्रा उचकटून आत प्रवेश करून." कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा माणूस, आला तेव्हा तोही त्याच शिडीवरून वर गेला. पुढे चोर सापडले नाहीत. पोलिसांनी 'अ समरी' पाठवली, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाले नाहीत. त्या कागदासकट दावा मंजूर झाला.

या प्रसंगावरून काही जण वेगळाच धडा घेतात, म्हणून स्पष्ट लिहिते. नसलेली खूण नंतर तयार करणं हा गुन्हा आहे. सर्व्हेअरच्या नजरेला जुनी आणि नवी खूण वेगळी दिसते, आणि त्यात खरी चोरीही खोटी ठरते. असलेली खूण मात्र आपण फार लवकर पुसून टाकतो. काचा झाडतो, नवं कुलूप लावतो, वाकलेली पट्टी ठोकून सरळ करतो. घर नीट करण्याची ती सवय चांगलीच आहे, पण फोटो आणि पंचनामा होईपर्यंत तिला आवरलं पाहिजे. जबाब देतानाही नुसतं 'चोरी झाली' म्हणू नये. काय उचकटलं, काय वाकलं, काय कापलं, ते सांगावं. पोलीस तुम्ही सांगता ते लिहितात, आणि 'कडी-कोयंडा तोडून' या तीन शब्दांनी दाव्याचं पुढचं सगळं ठरतं.

ज्यांना न फोडता झालेल्या चोरीचीही भीती आहे, म्हणजे ज्यांच्या किल्ल्या तीन-चार हातांतून फिरतात, ज्यांचा माल उघड्या शेडमध्ये असतो, त्यांच्यासाठी बऱ्याच कंपन्यांकडे जादा हप्त्याने 'थेफ्ट एक्स्टेंशन' मिळतं. नोकराने केलेल्या अपहारासाठी त्याहून वेगळी 'फिडेलिटी गॅरंटी' असते. दोन्ही मागितल्याशिवाय सहसा कोणी देऊ करत नाही. काकांनी पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी एजंटाला समोर बसवलं आणि विचारलं, "यात थेफ्ट एक्स्टेंशन आहे का? कुठल्या ओळीत आहे, दाखवा." एजंटाला ती ओळ सापडली नाही. ती घालून नवा कागद यायला आठ दिवस लागले, आणि तोवर काकांनी चेक फाडला नाही.